सासरची दिवाळी, मंडईची रात्र आणि १६ किलोमीटरचं काय करायचं

पत्र मोठं आहे म्हणून थोडक्यात सांगते, नाव-गाव अर्थातच गाळलंय. पत्र लिहिणारी नागपूरला राहते, वय ३३, नोकरी, सहा वर्षांचा मुलगा. पळायला लागून दोनेक वर्षं झाली, जानेवारीत मुंबईची हाफ मॅरेथॉन, म्हणजे २१ किलोमीटर, आहे, तिची पहिलीच. आठवड्यातून चार दिवस पळते, सगळं धरून ३५ किलोमीटर, आतापर्यंतचा सगळ्यात लांब पल्ला १५. सासर ब्रह्मपुरी तालुक्यात, दिवाळीला धनतेरसच्या आदल्या दिवसापासून गावची मंडई, म्हणजे तिकडची दिवाळीनंतरची जत्रा, होईपर्यंत सगळे तिकडेच, मधे एक दिवस बांधीत धान कापायला पण जायचं असतं. आणि मोबाईलवर घेतलेल्या प्लॅनमध्ये नेमका त्याच आठवड्यात १६ चा लाँग रन, एक टेम्पो (सलग जोरात पळणं), एक इंटरव्हल (थोडं जोरात, थोडं हळू असं आलटून पालटून) न दोन इझी, म्हणजे आरामातले, असं सगळं येऊन बसलंय. मागच्या दिवाळीत ती पहाटे साडेचारला कोणाला न सांगता निघाली, एकटी, मोबाईलच्या टॉर्चवर, वापस आली तर अंगणात सासूबाई उभ्या. "सनासुदीत सून रोडनं परते त लोकं का म्हनतीन," एवढंच बोलल्या आणि मग दोन दिवस अबोला. आता तिचं म्हणणं असं की, ताई, यंदा एकही रन सोडायचा नाहीये आणि घरात तोंडं वाकडी पण नकोत, जमेल का, आणि नाही जमलं तर एवढ्या महिन्यांची मेहनत पाण्यात जाईल का?

तर आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण तेच तुझ्या डोक्यात घोळतंय, बाकीचं सगळं त्याच्या मागून आलंय. नाही जात पाण्यात. आठवडाभर काहीच न करता नुसती फराळ खात बसलीस तरी दम फारसा उतरत नाही. होतं काय, पळणं थांबलं की पहिल्या काही दिवसांत रक्तातला पाण्याचा भाग, म्हणजे प्लाझ्मा, थोडा कमी होतो, त्यामुळे वापस आल्यावर पहिल्या रनला त्याच वेगात हार्ट रेट जरा वर दिसतो आणि माणूस घाबरतो की झालं, संपलं आपलं, पण पळायला लागलं की ते लवकर भरून निघतं. खरी घसरण हळू असते. १९८४ साली एडवर्ड कॉईल आणि त्यांच्या सोबतच्या लोकांनी चांगल्या मुरलेल्या खेळाडूंचं ट्रेनिंग पूर्ण बंद करून मोजलं होतं, तीन आठवडे शून्य ट्रेनिंग झाल्यावर व्हीओटू मॅक्स, म्हणजे शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं तो आकडा, साधारण ७ टक्के खाली आला. तीन आठवडे बंद तेव्हा ७ टक्के, तू तर एका आठवड्याचं घेऊन बसलीस.

त्याहून कामाचं संशोधन शिकागोच्या रॉबर्ट हिक्सन यांचं आहे, तेही त्याच काळातलं, नि मला वाटतं प्रत्येक नोकरी-संसारवाल्या रनरला ते माहीत पाहिजे. त्यांनी विचारलं की बंद नाही केलं, फक्त कमी केलं तर काय होतं? लोकांना दहा आठवडे, आठवड्याला सहा दिवस, रोज ४० मिनिटं असं कडक ट्रेनिंग दिलं, मग काहींना चार दिवसांवर आणलं न काहींना दोनच दिवसांवर, जोर मात्र तेवढाच. असे पंधरा आठवडे काढले तरी दोन दिवसवाल्यांचा पण व्हीओटू मॅक्स टिकून राहिला. मग दिवस तेवढेच ठेवून मिनिटं कापली, ४० ची २६ केली, १३ केली, तरी टिकला, १३ मिनिटंवाल्यांची जास्त वेळ तग धरायची ताकद थोडी घसरली ती गोष्ट वेगळी. आणि शेवटी दिवस तेच, मिनिटं तीच, पण जोर कमी केला, तेव्हा मात्र उतरला. समजलं का काय म्हणते मी? दिवस कापले चालतात, मिनिटं कापली चालतात, जोर कापला की जातं.

आणि सणाच्या आठवड्यात लोक नेमकं याच्या उलट करतात, "सातत्य पाहिजे ना" म्हणून रोज वीस मिनिटं अर्धवट झोपेत कसंबसं रखडत पळतात, रोज त्याच्यासाठी घरात घासाघीस, रोज कोणाचा तरी चहा थंड होतो, न हाती काहीच येत नाही. तू ते करू नको. पूर्ण आठवड्यात दोन रन, दोन्हीत दम लागला पाहिजे, बाकी दिवस सुटी. एवढ्यावर तू जिथं आहेस तिथं राहशील. पुढं जाणार नाहीस हे खरं, पण दिवाळीत पुढं जायचं कशाला, दिवाळीनंतर दहा आठवडे पडलेत ना.

आता ज्याच्यासाठी मला तुला रागवायचंय ते. ब्रह्मपुरी तालुक्यात पहाटे साडेचारला, एकटी, टॉर्चवर? तिथली सून तू न वाघाचं मी वर्ध्याकडच्या बाईनं सांगायचं का? राज्यात सगळ्यात जास्त वाघ चंद्रपूर जिल्ह्यात आहेत न ते काही सगळे ताडोब्याच्या गेटच्या आत हजेरी लावून बसत नाहीत, ब्रह्मपुरी वनविभागात तर गावाच्या बांध्यांना लागून जंगल आहे, गुरं चारायला गेलेला, सरपणाला गेलेली, धान राखायला गेलेला, अशा बातम्या दरवर्षी येतात आणि त्या वाचून आपण पान उलटतो. वाघ काय न बिबट काय, हे अंधाराचे, झुंजुमुंजूचे फिरणारे, म्हणजे तुझी पळायची आवडती वेळ तीच त्यांची. आणि त्यांच्यासमोर पाठ करून पळणं म्हणजे पाठलागाला उठवणं. म्हणून समोर दिसलाच तर पळायचं नाही, रनरला हे सांगताना मलाच कसंतरी वाटतं, पण तेच खरं, त्याच्याकडे तोंड ठेवून हळूहळू मागं सरकायचं, वाकायचं नाही, बसायचं नाही, मोठ्यानं आवाज करायचा. पण ही वेळ येऊच द्यायची नाही, आणि त्याचा उपाय सोपा आहे, सूर्य वर आल्याशिवाय बूट घालायचे नाहीत. त्या भागात दिवाळीच्या दिवसांत साधारण सव्वासहाला उजाडतं आणि साडेपाचला सूर्य बुडतो. तुझ्यासाठी सकाळी पावणेसात ते आठ, नाहीतर दुपारी चार ते पाच. चारला थोडं ऊन लागेल, लागू दे.

मला तर वाटतं सासूबाईंच्या त्या "लोकं का म्हनतीन" मधे अर्धी भीती हीच होती. आपल्याकडच्या बायका काळजी सरळ बोलून दाखवतील तर शप्पथ, ती नेहमी टोमण्यातूनच बाहेर येते.

कुठं पळायचं तेही सांगते. गावातून तालुक्याकडे जाते ती डांबरी सडक, दोन्ही बाजूला कापणी होऊन मोकळ्या झालेल्या बांध्या, लांबवर नजर जाते, दहा मिनिटाला एखादी मोटरसायकल जाते, अशी जागा. त्यातला दीड-दोन किलोमीटरचा तुकडा पकडायचा न तिथंच येरझारा घालायच्या. कंटाळवाणं आहे, माहीत आहे. जंगलाकडची सडक नाही, नाल्याकाठची नाही, आणि गोसीखुर्द धरणाच्या नहराची, म्हणजे कालव्याची, पाळ तुमच्या बाजूनं जात असेल तर तीही नाही. नहराची पाळ दिसायला लय मस्त असते, सरळ, सपाट, मुरमाची, गाड्या नाहीत, कोणत्याही रनरचा जीव जाईल तिच्यावर, पण सुनसान असते न बाजूला झुडपं वाढलेली असतात. सडक सोडून धुऱ्यावरून शॉर्टकट तर अजिबात मारायचा नाही. एकतर कापणीच्या दिवसांत गवतात घोणस असते, आणि दुसरं म्हणजे रानडुकरांसाठी लावलेल्या तारा. सोलरचं झटका मशीन असलं तर झटका बसून सुटतो माणूस, पण काही जण सरळ लाईनवरून आकडा टाकून तारेत करंट सोडतात, गुन्हा आहे तरी सोडतात, त्यानं वाघ मेलेत, माणसंही मेलीत. सकाळी तार काढायची राहून गेली तर तुला कोण सांगणार आहे? सडकेवरच राहा, उजव्या बाजूनं, समोरून येणारी गाडी दिसेल अशी, आणि कानात इअरफोन नको. धानाच्या ट्रॉल्यांना मागं लाईट नसतो, सणात कोणी सकाळपासूनच घेतलेली असते, त्यामुळे आपलं आपण पाहायचं. कुत्रं मागं लागलं तर थांबून चालायला लाग, बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं. चावलंच तर जखम साबण न वाहत्या पाण्यानं पूर्ण १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात इंजेक्शन, मिरची-हळद लावत बसायचं नाही, "सणाचं कुठं जाता" असं कोणी म्हटलं तरी ऐकायचं नाही.

आता घरचं. तू विचारतेस चोरून पळू की भांडून पळू, अगं तिसरा रस्ता आहे न. तुमच्या गावात पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं असणारच, विदर्भात असं गाव दाखव जिथं नाहीत. सकाळी सडकेवर त्यांचाच राज असतो, चुन्यानं सडकेवर खुणा केलेल्या असतात, पोरांना १६०० मीटर, पोरींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर न गोळाफेक. आणि आता पोरीही कमी नाहीत, ट्रॅकपँट न टी-शर्टवर गावातून पळत जातात, कोणी काही म्हणत नाही, उलट "अमक्याची पोट्टी भरती मारते पाहा" म्हणून कौतुकच. त्यातली एखादी तुमच्याच गल्लीतली, नात्यातली असेल. पोचल्याच्या दिवशी संध्याकाळी तिच्या घरी जाजो, फराळाचं ताट घेऊन जाजो पाहिजे तर, आणि विचार की सकाळी किती वाजता निघता, मी येऊ का. तुझा इंटरव्हल न तिची ८०० ची तयारी, दोघींचं काम एकच आहे. ती तुझ्यापेक्षा जोरात पळेल हे धरूनच चाल, १९-२० वर्षांची पोरगी, लाजायचं कारण नाही, तिच्या मागं एक मिनिट टिकलीस तरी तुझं इंटरव्हल झालं. आणि गावासाठी मग ती "एकटी पळणारी सून" राहत नाही, भरतीच्या पोरींसोबतची वहिनी होते, हा फरक तुला शहरात बसून कळणार नाही पण गावात तो लय मोठा असतो.

कपड्यांवरून कुरबुर झाली तर वरून सैल कुर्ता घाल, तेवढ्यानं शांतता मिळत असेल तर स्वस्तात मिळाली म्हणायचं. पण ओढणी घेऊन पळू नको, सायकल-मोटरसायकलच्या चाकात जाते, तिथं तडजोड नाही.

आणि सासूबाईंशी कोणी बोलायचं? तुझ्या नवऱ्यानं. पूर्ण पत्रात त्या माणसाचा उल्लेख एकदाच आलाय, "हे कार चालवतात" एवढाच. आई त्याची आहे, त्यानं दिवाळीच्या आठवडाभर आधी फोनवर, इकडचं तिकडचं बोलता बोलता सांगायचं की हिची जानेवारीत मुंबईला स्पर्धा आहे, दोन दिवस सकाळी उजेडात तासभर पळेल, मी पोराला पाहतो. परवानगी मागायच्या सुरात नाही न जाहीर करायच्या सुरात पण नाही, जसं आपण सांगतो की गाडी सर्व्हिसिंगला टाकायची आहे तसं. आणि "दोन दिवस" हा आकडा ठरलेला सांगायचा, कारण सासरच्या लोकांना पळण्याचं काही नसतं, रोज सकाळी ही गायब होईल का याची धास्ती असते, सडा-रांगोळी, पाणी, चहा, वीस माणसांचा स्वयंपाक, आणि ते खोटं पण नाही, कामाचा ढीग असतो न तू तासभर नाही म्हणजे तो कोणाच्या तरी डोक्यावर जातो. तेव्हा ज्या दिवशी पळशील त्याच्या आदल्या रात्री दुसऱ्या दिवसाचं काही उरकून ठेव, कणीक भिजव, भाज्या निवडून ठेव, जे असेल ते. मी हे बाईनंच का करायचं यावर तासभर भांडू शकते, पण तुला आठ दिवसांत घर सुधारायचं नाहीये, दोन रन पाहिजेत.

आता दिवस बसवू. १६ चा लाँग रन गावात करायचाच नाही, तो विषय बंद. दोन किलोमीटरच्या तुकड्यावर आठ येरझारा, पावणेदोन-दोन तास, सणाच्या सकाळी, घरात पाहुणे, कशाला? तो नागपुरातच उरकून घे, निघायच्या दोन दिवस आधी, अंबाझरीला पळतेस लिहिलंस तर तिथंच. आदल्या दिवशी नको, कारण त्या दिवशी खरेदी, बॅगा, ऑफिसचं राहिलेलं, आणि मग तीन-साडेतीन तास कारमध्ये आखडून बसायचं. १६ जमले तर छान, १४ वर पाय जड झाले तर १४, त्याच्यासाठी रडू नको.

गावात पहिला रन पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी टाक, मोठी गर्दी व्हायच्या आधी. दहा मिनिटं आरामात, मग एक मिनिट जोरात न दीड मिनिट हळू असं आठ वेळा, मग सात-आठ मिनिटं आरामात वापस. चाळीस मिनिटांच्या आत घरी. जोरात म्हणजे जीव तोडून नाही, आठव्यांदा पण पहिल्याएवढंच जोरात पळता यावं इतपत. नरक चतुर्दशी न लक्ष्मीपूजनाला बुटांना हातच लावायचा नाही, पहाटे उटणं-आंघोळी, दिवसभर धावपळ, संध्याकाळी पूजा, तिथं पळण्याला जागा नाही आणि शोधू पण नको. दुसरा रन पाडव्याला नाहीतर भाऊबीजेला, जी सकाळ मोकळी मिळेल ती. तो असा, दहा मिनिटं आरामात, दहा मिनिटं टेम्पो, तीन मिनिटं हळू, परत दहा मिनिटं टेम्पो, न पाच मिनिटं चालत-पळत शांत. टेम्पो ओळखायचा कसा, तर सोबतची पोरगी काही विचारेल त्याला तीन-चार शब्दांत उत्तर देता येईल पण गप्पा मारता येणार नाहीत. किलोमीटर पाहू नको, मिनिटं पाहा. दोन्ही मिळून अकरा-बारा किलोमीटर होतील. हो, ३५ वरून १२. घड्याळ "डिट्रेनिंग", म्हणजे सराव तुटतोय असं, दाखवेल, त्याला दिवाळी माहीत नाही.

धान कापणीचा दिवस मात्र नीट पाहून ठरव, त्याला तू दोन शब्दांत उडवलंयस पण माझ्या मते पूर्ण आठवड्यातलं सगळ्यात अवघड ट्रेनिंग तेच आहे. वर्षभर खुर्चीवर बसणारी बाई एक दिवस विळा घेऊन कमरेत वाकून तीन-चार तास बांधीत राहिली की मांडीच्या मागचा भाग, कुल्हे न कंबर असं धरतं की दुसऱ्या दिवशी उठता-बसता "आई गं" निघतं. हे दुखणं चोवीस तासांनंतर वाढतं आणि बहात्तर तासांपर्यंत राहू शकतं. त्यात टेम्पो पळालीस की हॅमस्ट्रिंग ओढला जायची पूर्ण सोय. म्हणून टेम्पो कापणीच्या आधी, कापणी नंतर. कापणी आधी आली तर टेम्पो दोन दिवस पुढं ढकल, आणि ढकलता ढकलता मंडईच आली तर सोडून दे, कापणीच धर वर्कआउट म्हणून. न एक सांगू? ज्या बाया रोज कापतात त्यांच्यासोबत ओळीनं राहायचा हट्ट करू नको, त्या कुठल्या कुठं निघून जातात.

मंडईबद्दल बाहेरच्या वाचकांसाठी दोन ओळी. झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा, गोंदिया, गडचिरोली न चंद्रपूरचा हा पूर्वेकडचा भाग, भाऊबीजेपासून गावोगाव मंडया सुरू होतात, दुकानं लागतात, गोवारी लोक ढाल घेऊन नाचत येतात, लेकीबाळी माहेरी येतात, आणि रात्री नाटक. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे या नाटक कंपन्यांचं ठिकाण, नाटक रात्री दहाच्या आसपास सुरू होतं आणि उजाडेपर्यंत चालतं, मंडपात पाय ठेवायला जागा नसते, पोरं आईच्या मांडीवर झोपून जातात पण उठून कोणी जात नाही. तर तू लिहिलंयस की "नाटकाला अकरापर्यंत बसून झोपेन म्हणजे सकाळी इझी रन होईल." काही गरज नाही. पूर्ण पाहा. झाडीपट्टीतली सून होऊन नाटक अर्धं टाकून येणारी तू पहिलीच असशील. दुसऱ्या दिवशी पळायचं नाही, झोपायचं, रात्रभर जागून पळालं की शरीराला फायदा काही नाही, पाय मुरगळायची शक्यता तेवढी वाढते. आणि त्याच सकाळी नवऱ्याला कार चालवत नागपूरला पण आणू नको, दुपारपर्यंत झोपू दे त्याला, उमरेड-भिवापूरच्या रोडवर डुलकी लागणं हे एका चुकलेल्या रनपेक्षा लय महाग पडतं.

फराळाचं विचारलंयस, "कंट्रोल कसा करू". कशाला? आठवड्याच्या चकल्या-करंज्यांनी हाफ मॅरेथॉन बुडत नाही. वजनकाट्यावर दीड-दोन किलो वाढलेलं दिसेल, पण त्यातलं बरंचसं पाणी असतं, एकतर फराळात मीठ भरपूर, दुसरं म्हणजे पळणं कमी न खाणं जास्त म्हणून पायांत ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूंत साठवलेली साखर, भरून राहतं आणि एक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी साठतं. दोन आठवड्यांनी काट्यावर उभी राहा, आत्ता नको. फक्त पळायच्या आधी दोन-तीन तास तळलेलं नको, पोटात गोळा येतो न सडकेवर बाथरूम नसतं. सकाळी उठून एखादं केळं नाहीतर गुळाचा खडा न पाणी, बस. सांभारवडी, म्हणजे आपली कोथिंबिरीची वडी, आदल्या रात्री कितीही खा असं म्हणणार होते, पण कितीही नको, चार.

न पळण्याच्या दिवशी हात-पाय शिवशिवत असतील तर ओट्याच्या पायरीवर उभी राहून टाचा वर-खाली कर, एका पायावर पंधरा-पंधरा, तीन वेळा, नातेवाईकांशी बोलता बोलता होतं. वीस स्क्वॅट कर. झालं.

वापस आल्यावर काय करायचं हे तू विचारलंच नाहीस, आणि लोक दुखापत करून घेतात ते तिथंच. परतल्यावर पहिल्या रविवारी मागचा राहिलेला न पुढचा मिळून १८ मारायचा मोह होईल. नाही मारायचा. २०२५ मध्ये पाच हजारांहून जास्त रनर्सच्या घड्याळांचा डेटा पाहून एक अभ्यास आला, त्यात दिसलं की मागच्या महिनाभरातल्या सगळ्यात लांब रनपेक्षा एखादा रन १० टक्क्यांहून जास्त लांब झाला की दुखापतीचा धोका वाढतो, एकाच रननं. म्हणजे तुझा लांब पल्ला १५-१६ असेल तर वापस आल्यावरचा पहिला लाँग रन १४ चा ठेव, मग १६, मग १७, मग थोडा उतरवून १३, मग १८, असं हळूहळू १९ पर्यंत ने, डिसेंबर संपेस्तोवर आरामात होतं. पहिल्या हाफसाठी १९ पुरे आहेत. रेसच्या आधीचे दहा-बारा दिवस परत कमी. दिवाळीतले राहिलेले किलोमीटर कुठल्याच आठवड्यात जोडायचे नाहीत, ते गेले, त्यांना जाऊ दे.

त्या दहा आठवड्यांत जीव कशावर टाकायचा म्हणशील तर चढावावर न दमट हवेवर. आपल्याकडे जानेवारीत कोरडं हिव असतं, मुंबईत पहाटे पण घाम सुकत नाही, आणि वर पेडर रोडची चढण येते तेव्हा पायांतलं बरंचसं संपलेलं असतं. नागपुरातल्या सेमिनरी हिल्सला आठवड्यातून एकदा चढ-उतार करत जा, डिसेंबरभर. मुंबईत पहिल्या पाच किलोमीटरला नागपूरच्या वेगानं निघालीस तर पुढं महागात पडेल, किलोमीटरमागं दहा-पंधरा सेकंद हळूच नीघ.

बुटांचं शेवटी विचारलंस म्हणून, जुनी जोडी ने. रेससाठी घेतलेली नवी नागपुरातच राहू दे, मुरमाचे खडे तळव्यात रुतून बसतात आणि एखादी सर पडून गेली असेल तर सडकेच्या कडेची काळी माती अशी चिकटते की ब्रशनं पण निघत नाही. जुनी जोडी वापस आल्यावर साध्या पाण्यानं धुऊन, आतमधे पेपर कोंबून सावलीत वाळव, उन्हात ठेवलीस तर सोलचा गोंद सुटतो. आणि घरी निघताना त्या भरतीवाल्या पोरीचा नंबर घेऊन ठेवजो, होळीला परत लागेल.